बायपासच्या वेळी शुगर कशी सांभाळायची: घरच्यांसाठी आणि नव्या सिस्टरांसाठी

हार्टच्या ऑपरेशनात शुगर बिघडते ती बहुतेक वेळा हात बदलताना. पेशंट घरून दवाखान्यात येतो तेव्हा, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) आयसीयूत येतो तेव्हा, आयसीयूतून वॉर्डात आणि वॉर्डातून परत घरी जातो तेव्हा. एका हाताने नीट सांभाळलेलं असतं, दुसऱ्या हाताला काय चालू होतं ते कळत नाही, आणि आकडा तीनशेला जातो नाहीतर पन्नासला येतो. मी जळगावात हार्टच्या आयसीयूत सिस्टर आहे. चोपडा, यावल, रावेर, अमळनेर, पारोळ्याची माणसं आमच्याकडे येतात, वर शहादा-तळोद्याकडचीही येतात. हे त्यांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे, आणि नुकत्याच आयसीयूत लागलेल्या मुलींसाठीही, कारण चारपैकी दोन बदल त्यांच्या हातून होतात. डोस ठरवायचं काम डॉक्टरांचं. ठरलेला डोस योग्य वेळी, पुरती माहिती असताना मिळावा, हे काम आपलं सगळ्यांचं.

शुगर चढते का, आणि किती चालते

छाती उघडून केलेलं ऑपरेशन शरीराला मोठा धक्का असतो. त्या धक्क्यात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन वाढतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, आणि इन्सुलिन असूनही पेशी ती साखर आत घेत नाहीत. हार्ट-लंग मशीनवर असताना शरीर थंड केलं जातं, तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिनही कमी सुटतं. ऑपरेशननंतर बीपी टिकवायला अ‍ॅड्रेनलिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनलिनची ड्रिप असेल तर तीही शुगर चढवते. मशीन न लावता, चालू हार्टवर केलेल्या बायपासमध्येही शुगर चढतेच, कारण धक्का तर बसतोच.

म्हणून ज्याला आयुष्यात शुगर नव्हती त्याचाही आकडा २०० च्या वर दिसू शकतो. व्हॉल्व्ह बदललेल्या तरुण मुलीच्या आईने चार्ट पाहून मला विचारलं होतं, "ताई, पोरीला इथं येऊन शुगर कशी लागली?" तिचा प्रश्न रास्त होता. तिला सांगितलं तेच इथे सांगते: ही बहुतेक वेळा ऑपरेशनची शुगर असते, थोड्या दिवसांत उतरते, पण असेपर्यंत तिच्यावर इलाज करावाच लागतो. काहींमध्ये मात्र आधीपासून लपलेला डायबेटिस याच वेळी सापडतो. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

इलाज का करायचा? शुगर १८० च्या वर राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. आणि छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं. तिथे जंतू गेले तर पुन्हा ओटी, पुन्हा आयसीयू. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये डायबेटिस असलेल्या सुमारे अडीच हजार पेशंटांचा अभ्यास झाला, तो १९९९ साली छापून आला. कातडीखाली मधूनमधून इंजेक्शन देण्याऐवजी शिरेतून सतत इन्सुलिन दिलं, तेव्हा हाडापर्यंत जाणारं इन्फेक्शन २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. आज ऑपरेशननंतर सिरिंज पंपावर इन्सुलिन लागतं त्यामागे असे अभ्यास आहेत. इन्सुलिनची ड्रिप दिसली म्हणजे पेशंट सिरियस झाला, असं मानू नका.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. २००१ साली बेल्जियममधल्या एका अभ्यासात शुगर ८० ते ११० मध्ये घट्ट धरली आणि मृत्यू कमी झाले, म्हणून काही वर्षं जगभर तसं करायचा प्रयत्न झाला. मग २००९ मध्ये सहा हजारांवर पेशंटांचा मोठा अभ्यास आला, सगळ्या प्रकारच्या आयसीयूंमधला. त्यात घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले, आणि शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ०.५ टक्क्याऐवजी ६.८ टक्के निघालं. म्हणून आता आयसीयूत बहुतेकांसाठी १४० ते १८० हा पट्टा धरतात. "सिस्टर, १६५ आहे, औषध का वाढवत नाही?" हा प्रश्न मला कायम येतो. १६५ आयसीयूत चांगला आकडा आहे. तिथे शंभरच्या मागे लागायचं नाही.

पहिला बदल: घरून दवाखान्यात

ऑपरेशनची तारीख मिळाली की तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीए१सी, करून घ्या. घाईचं ऑपरेशन नसेल तर ती ८ च्या खाली आणायचा प्रयत्न करतात. ९.५ किंवा १० असेल तर डॉक्टर काही आठवडे थांबून इन्सुलिन सुरू करू शकतात. पण डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा ब्लॉक असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर शुगरसाठी थांबायचं नसतं. किती थांबायचं हे सर्जन ठरवतील. "आधी शुगर उतरू द्या, मग बघू" असं म्हणून घरच्यांनी आपणहून तारीख पुढे ढकलू नये.

नंदुरबारच्या बाजूच्या माणसांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खरी असते त्याहून कमी दाखवू शकते. रिपोर्ट ६ येतो आणि माणसाची शुगर रोज २५० असते. घरात कुणाला सिकलसेलचं कार्ड असेल, पिवळं असो की लाल, तर ते विचारायची वाट न बघता दाखवा. मग डॉक्टर फ्रुक्टोसामाइनची, म्हणजे तांबड्या पेशींवर अवलंबून नसलेली, तपासणी सांगतील किंवा रोजच्या बोटाच्या तपासण्यांवरून ठरवतील. लोह कमी पडून झालेल्या अ‍ॅनिमियात उलट होतं, आकडा खोटा जास्त दिसतो.

आता गोळ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

आमच्याकडे फॉर्म भरताना नवीन मुलगी विचारते, "आबा, शुगर आहे का?" आबा म्हणतात, "नई माय, माले शुगर नई शे." अर्ध्या तासाने मुलगा पिशवी घेऊन येतो तर त्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आबा खोटं बोलत नसतात. गोळीने शुगर काबूत आहे म्हणजे ती नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणून नव्या सिस्टरांनी "शुगर आहे का" असं न विचारता "रोज कोणत्या गोळ्या घेता, दाखवा" असं विचारावं. घरच्यांनी डबी न आणता पाकिटं आणावीत, ज्यावर नाव छापलेलं असतं. आजकाल एका गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि कंपनीच्या नावावरून ती ओळखू येत नाहीत. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, त्याचा फोटो काढून ठेवा.

घटकांमध्ये ज्याच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" आहे ते शोधा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. ही औषधं लघवीतून साखर बाहेर काढतात. ऑपरेशनच्या साधारण ३ दिवस आधी ती बंद करतात. चालू राहिली आणि पेशंट उपाशी राहिला, तर रक्तात अ‍ॅसिड साठतं, आणि फसवं असं की शुगरचा आकडा तेव्हा जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. उलट्या, धाप, पोटदुखी, सगळं भूल आणि ऑपरेशनच्या नावावर खपून जातं. आणखी एक: हीच गोळी हार्टचं पंपिंग कमी असणाऱ्यांनाही देतात, त्यांना डायबेटिस नसला तरी. म्हणजे "आम्हाला शुगरच नाही" म्हणणाऱ्या घरातही ती पाकिटात निघते. एवढी एक गोष्ट तुम्ही पकडली तरी या लेखाचं काम झालं असं मी समजेन.

बाकीच्यांचं थोडक्यात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ऑपरेशनच्या सकाळी देत नाहीत, कारण उपाशी पोटी शुगर खाली जाते. मेटफॉर्मिनही त्या दिवशी बंद. अँजिओग्राफीच्या डायनंतर किडनीचा रिपोर्ट बघून ते पुन्हा सुरू करतात. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन-शुगरचं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटची तारीख सांगा, त्याने पोट सावकाश रिकामं होतं. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र सहसा पूर्ण बंद करत नाहीत, थोडं कमी करून देतात. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या टाइप १ च्या पेशंटचं मूळ इन्सुलिन कधीच बंद करायचं नसतं, उपास असला तरी. कोणती गोळी कोणत्या दिवसापासून बंद, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. फोनवर ऐकलेलं विसरतं.

गावच्या बाजारातून आणलेली "शुगरची पुडी" असेल तर तीही पिशवीत टाका. मी रागावणार नाही. अशा पुड्यांमध्ये कधीकधी अ‍ॅलोपॅथीचीच गोळी कुटून मिसळलेली सापडते, आणि ती अंगात असताना आम्हाला माहीत नसेल तर पहाटे शुगर का पडली ते कळत नाही.

ऑपरेशनसाठी मुंबईला किंवा नाशिकला जाणाऱ्यांनी इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर हातातल्या पिशवीत ठेवावं, गाडीच्या डिकीत नाही. ग्लुकोज पावडरही जवळ असू द्या.

आदल्या रात्री किती वाजेपर्यंत जेवायचं आणि पाणी कधीपर्यंत, ते भूल देणारे डॉक्टर सांगतील, तेच पाळा. "डॉक्टर, शुगरच्या पेशंटचा नंबर सकाळी पहिला लागेल का?" असं विचारायला हरकत नाही. उपास जितका कमी लांबेल तितकं बरं.

दुसरा बदल: ओटीतून आयसीयूत. हे मुलींसाठी

घरच्यांनी हा भाग वाचला तरी चालेल, आत काय चालतं ते कळेल.

पेशंट आला की भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून हँडओव्हर घेताना शुगरच्या चार गोष्टी विचारून घ्या: शेवटचा आकडा किती आणि किती वाजता, इन्सुलिन किती रेटने चालू आहे, स्टिरॉइड दिलं का, आणि शेवटचं पोटॅशियम किती. पोटॅशियमचा प्रश्न बऱ्याच जणी विसरतात. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत ढकलतं. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की नुकतंच शिवलेलं हार्ट ठोका चुकवायला लागतं. आकडा ४ च्या आसपास किंवा वर राहावा असं आपण बघतो.

साधारण पद्धत अशी: ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन ५० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, म्हणजे एक मिलीला एक युनिट. हिशोब सोपा राहतो आणि मध्यरात्री चूक होत नाही. नवी नळी जोडली की आधी २० मिली द्रावण त्यातून वाहू द्या. इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं, त्यामुळे सुरुवातीला पंप चालू दिसतो पण पेशंटला फारसं काही मिळत नाही. मग आकडा उतरत नाही म्हणून रेट वाढवला जातो, आणि दोन-तीन तासांनी शुगर एकदम पडते. सिरिंजवर औषध, युनिट, वेळ आणि सही. तुमच्या दवाखान्याचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा, दोन प्रोटोकॉल एकत्र करू नका.

नमुना धमनीच्या लाइनमधून घ्या आणि शक्यतो एबीजी मशीनवर (धमनीच्या रक्तातले वायू मोजणाऱ्या) टाका. पहिल्या काही तासांत बोटाचा भरवसा धरू नका: बीपी कमी, हात गार, सूज, नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू. शिवाय ऑपरेशननंतर रक्त पातळ असतं, म्हणजे त्यात तांबड्या पेशी कमी असतात, आणि काही ग्लुकोमीटर तेव्हा खरा असतो त्याहून जास्त आकडा दाखवतात. जास्त दिसला म्हणून इन्सुलिन वाढवलं की पेशंट खाली जातो. आणि ज्या हाताला डेक्स्ट्रोज (साखरेची सलाईन) चालू आहे त्या हाताचं रक्त घ्यायचं नाही.

ड्रिप चालू असेपर्यंत दर तासाला तपासणी. आकडा स्थिर झाला की डॉक्टर दोन तासांवर आणतील. तोपर्यंत "मागचे दोन्ही चांगले आले" म्हणून एक तपासणी सोडायची नाही.

तीन प्रसंगी थांबून इन्सुलिनकडे बघायचं. अ‍ॅड्रेनलिन कमी केलं की इन्सुलिनची गरजही उतरते. डेक्स्ट्रोजची सलाईन संपली किंवा नळीतून जाणारं फीड बंद केलं, की साखर येणं थांबलं पण इन्सुलिन जातंच आहे. आणि पेशंटला स्कॅनला नेताना फीड बंद होतं, पंप मात्र बरोबर चालू जातो. आयसीयूत शुगर पडण्याची कारणं विचाराल तर मी आधी हीच सांगेन. व्हेंटिलेटरवरचा, झोपेच्या औषधाखाली असलेला पेशंट "मला कसंतरी होतंय" असं सांगू शकत नाही. तिथे तुमची तासाची तपासणी हाच त्याचा आवाज असतो.

७० च्या खाली आला की ड्रिप बंद, डॉक्टरांना कळवा, प्रोटोकॉलप्रमाणे २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

तिसरा बदल: आयसीयूतून वॉर्डात

पेशंट खायला लागला, नळ्या निघाल्या, वॉर्डात जायचं ठरलं. सगळे आनंदात असतात. नेमकं याच दिवशी शुगर सुटते.

शिरेतून जाणाऱ्या इन्सुलिनचा असर ड्रिप बंद केल्यावर मिनिटांत संपतो. कातडीखाली दिलेल्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला कामाला लागायला काही तास लागतात. ड्रिप काढून मग इंजेक्शन दिलं तर मधले तास पेशंट इन्सुलिनशिवाय. म्हणून इंजेक्शन आधी, ड्रिप निदान दोन तासांनी बंद. ड्रिपवर दिवसाला किती युनिट लागत होते त्यावरून डॉक्टर साधारण ६० ते ८० टक्के डोस ठरवतात. त्यामुळे वॉर्डच्या सिस्टरला हँडओव्हर देताना "इन्सुलिन चालू आहे" एवढंच सांगून भागत नाही. मागच्या सहा-आठ तासांत तासाला किती लागलं, लांब पल्ल्याचं कोणतं दिलं, किती वाजता दिलं, पुढचं कधी, हे बोलून आणि लिहून द्यायचं.

नुसतं "आकडा चढला की तेवढं इन्सुलिन" या तक्त्यावर पेशंट ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, आणि आता बहुतेक डॉक्टर तेच सांगतात. त्यात आपण कायम शुगरच्या मागे धावतो. मूळ इन्सुलिन, जेवणाचं इन्सुलिन आणि वर लागेल तेवढी दुरुस्ती, असं बसवलं की आकडे शांत राहतात.

घरच्यांनो, वॉर्डात तुमचा डबा सुरू होतो. आपल्याकडे माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर अर्धं गाव भेटायला येतं आणि कुणी रिकाम्या हाताने येत नाही. रावेर-यावलची माणसं केळी आणतात, कुणी मोसंबीचा ज्यूस, कुणी नारळपाणी, कुणाची बहीण डिंकाचे लाडू. सगळं प्रेमाने. ऑपरेशननंतर तोंडाला चव नसते, पेशंट भाकरी दोन घास खाऊन सरकवतो आणि मग दिवसभर ज्यूसवर राहतो. जेवणाचं इन्सुलिन मात्र पूर्ण जेवणाचं गेलेलं असतं. दुपारी शुगर खाली, संध्याकाळी ज्यूसने वर.

काय करायचं? पेशंट नीट जेवत नसेल तर सिस्टरला जेवणाआधीच सांगा. अशा वेळी डॉक्टर जलद इन्सुलिन जेवणाच्या लगेच नंतर, खाल्लं तेवढ्याच्या हिशोबाने द्यायला सांगतात. मधे काही दिलं असेल तर लपवू नका. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनीचा त्रास असेल तर विचारूनच द्या. डब्यात पातळ वरण, मऊ कळण्याची भाकरी, तेल कमी घातलेलं भरीत, मुगाची डाळ, दही, उकडलेलं अंडं चालत असेल तर अंडं. जखम भरायला प्रोटीन लागतं. शेवभाजी आणि वरण-बट्टी घरी गेल्यावर, तेही पुढे कधीतरी, थोडी.

बोट टोचायच्या आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. पेशंटने नुकतंच केळं किंवा मोसंबी सोलली असेल तर बोटावरच्या साखरेने आकडा कितीतरी जास्त येतो, आणि नुसत्या स्पिरिटच्या कापसाने ती पुरती निघत नाही.

शुगर पडली तर

घाम, थरथर, भूक, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं, चिडचिड ही लक्षणं बऱ्याच जणांना माहीत असतात. बायपासनंतर मात्र बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी असते, आणि ती थरथर आणि धडधड झाकून टाकते. घाम मात्र येतो. त्यामुळे घरी गेल्यावर, "जिभाऊ गप्प बसलेत, अंग घामाने ओलं आहे, काही विचारलं तर भलतंच बोलतात" असं दिसलं तर ऊन जास्त आहे म्हणून सोडून देऊ नका. बोट टोचा.

७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या. लाडू, पेढा, बिस्कीट नको, तूप असलेलं गोड पोटातून सावकाश जातं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आला की भाकरी-वरणासारखं काहीतरी खायला द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा पडेल. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मशीन हाताशी नसेल आणि लक्षणं असतील तर मशीन शोधत बसू नका, शुद्धीवर असेल तर आधी साखर द्या.

चौथा बदल: वॉर्डातून घरी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, योजनेची कागदपत्रं, गाडी, या सगळ्यात गोळ्यांचा कागद शेवटी हातात पडतो. तरीही बसून तीन गोष्टी विचारा: ऑपरेशनआधीची कोणती गोळी परत सुरू करायची, कोणती नाही, आणि इन्सुलिन किती दिवस. ग्लिफ्लोझिनची गोळी जेवण नीट सुरू झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. घरी जुन्या गोळ्यांचं पाकीट असतंच. नव्या कागदात दुसऱ्या कंपनीचं तेच औषध असेल तर दोन्ही चालू होतात. जुनी पाकिटं आणून फार्मसिस्टला दाखवा.

सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिटची आणि १०० युनिटची. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज अशी गल्लत झाली तर २० युनिटच्या खुणेपर्यंत भरल्यावर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. गावातल्या मेडिकलमध्ये एक नसली तर दुसरी देतात, म्हणून रिकामी बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवूनच नवीन घ्या.

आणि आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. वापरात असलेली बाटली सुमारे चार आठवडे बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ३० अंश कुठे मिळतात? फ्रिज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं घरातल्या सावलीच्या, हवा खेळत्या कोपऱ्यात. वाळू रोज ओली करा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही उन्हाने बिघडतात, डबीचं झाकण घट्ट ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत दोन्हीपैकी काहीच ठेवू नका.

घरी बहुतेकांना उपाशी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असं सांगतात. वय जास्त असेल, एकटे राहत असतील तर डॉक्टर थोडी सूट देतात. सुरुवातीला उपाशी आणि जेवणानंतरच्या तपासण्या वहीत लिहा, शेजारी इन्सुलिनचा डोस आणि काय खाल्लं ते. ही वही पुढच्या भेटीत रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडते. सकाळी उपाशी आकडा सारखा ९० च्या आसपास येत असेल तर एखाद्या रात्री तीन वाजता तपासा.

एक गोष्ट घरच्यांना कुणी फारशी सांगत नाही. ऑपरेशनचा धक्का ओसरला की दोन-तीन आठवड्यांत इन्सुलिनची गरज कमी होते. डोस तोच राहिला तर शुगर पडायला लागते, आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. म्हणून पहिली भेट एक-दोन आठवड्यांत, चुकवायची नाही. ८० ते १३० च्या पट्ट्यात असले तरी, आकडे सारखे १०० च्या खाली येत असतील तर भेटीची वाट न पाहता फोन करा.

जखम रोज बघा, छातीची आणि पायाची दोन्ही. पायातली शीर काढलेली असते, ती जखम बऱ्याचदा विसरली जाते, त्यात शुगरवाल्या पायाला दुखणंही नीट कळत नाही. लालसरपणा वाढणं, पाणी किंवा पू, ताप, कूस बदलताना छातीच्या हाडात कट्‌ असा आवाज किंवा हलल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना. कारण नसताना शुगर दोन-तीन दिवस चढलेली राहिली तरी जखमेकडे बघा. आत इन्फेक्शन असेल तर कधीकधी आकडा आधी बोलतो.

उपास. पहिले तीन महिने एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजा, काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना उपाशी राहणं धोक्याचं, आणि साबुदाणा-बटाट्याने उपास सोडणं म्हणजे आकडा तीनशेकडे नेणं. घरातली बाई उपास करते, तिच्या ताटातली मोरधन (भगर) पेशंटच्या ताटात येते, तीही मोजूनच. आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) विचाराल तर मांडा आणि आमरस बंद असं मी सांगत नाही. सण वर्षातून एकदा येतो आणि माणूस मरणाच्या दारातून परत आलेला असतो. पाव मांडा, छोट्या वाटीत रस, त्या जेवणात भात नाही, आणि दोन तासांनी तपासणी.

राहिली ती माणसं ज्यांना आधी शुगर नव्हती आणि ऑपरेशननंतर चढली. आकडा उतरला, इन्सुलिन बंद झालं, म्हणून विषय संपत नाही. सहा ते बारा आठवड्यांनी उपाशी शुगर किंवा ग्लुकोज पिऊन केली जाणारी दोन तासांची तपासणी करा. ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेलं असेल तर साधारण तीन महिने एचबीए१सी वर विसंबू नका, त्यात दुसऱ्याच्या पेशींचा आकडा मिसळलेला असतो. हा शेवटचा बदल कुणाच्याच हातात नसतो: सर्जनचं काम झालेलं असतं, गावच्या डॉक्टरांना आयसीयूतला आकडा माहीत नसतो. म्हणून आयसीयूतली सगळ्यात जास्त शुगर किती गेली होती आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, हे दोन्ही डिस्चार्ज कार्डावर सिस्टरकडून लिहून घ्या, आणि मगच गाडीत बसा.